काही करत नसलास तर...

वाचणारा माणूस घरातल्या इतरांना रिकामा दिसतो. कपडे वाळत घालणारा, फोनवर मोठमोठ्याने बोलणारा, इतकेच काय, पंख्याखाली घोरत पडलेला माणूसही काहीतरी करतो आहे असे मानले जाते; घोरणाऱ्याला तर 'दमलाय बिचारा' अशी सवलतही मिळते. पुस्तक हातात धरलेला माणूस मात्र 'नुसता बसलेला' असतो. तो दोन-चार पाने पुढे गेला की स्वयंपाकघरातून आवाज येतो, "काही करत नसलास तर कोपऱ्यावरून कोथिंबीर घेऊन ये." मराठी घरातली वाचनाची व्याख्या या एका वाक्यात पुरी होते. जे करताना माणूस काहीच करत नाही असे इतरांना वाटते आणि ज्यातून उठताना त्याचा चेहरा भरल्या पानावरून उठवल्यासारखा होतो, ते वाचन.

या व्याख्येचा उत्तरार्ध बरोबर आहे. पूर्वार्ध चुकीचा आहे, हे डोळ्यांपासूनच दाखवता येते.

ओळीवरून नजर रुळावरच्या डब्यासारखी सरकत जाते, असा समज पूर्वी होता. प्रत्यक्षात ती बेडकासारखी उड्या मारत जाते. पॅरिसमधले नेत्रवैद्य एमिल जावाल यांच्या प्रयोगशाळेत १८७९च्या सुमारास हे लक्षात आले. त्यासाठी वापरलेली एक युक्ती फारच साधी होती. वाचणाऱ्याच्या पापणीला नळी टेकवायची, तिचे दुसरे टोक कानाला लावायचे आणि डोळ्याच्या उड्या ऐकत बसायचे. पुढे अधिक बारकाईने मोजल्यावर कळले, की नजर एका जागी साधारण पाव सेकंद थांबते आणि सेकंदाच्या पंचविसाव्या भागाहूनही कमी वेळात पुढे झेप घेते. अक्षरे ओळखली जातात ती थांबलेल्या वेळात; झेप चालू असताना डोळ्याला जवळजवळ काहीच दिसत नाही. सेकंदाला चार उड्या धरल्या, तर तासाभराच्या वाचनात त्या चौदा हजारांच्या घरात जातात. एवढ्या उड्या कोणी अंगणात मारल्या असत्या, तर घरच्यांनी शेजारीपाजारी पेढे वाटले असते.

सगळ्या उड्या पुढेच पडतात असे नाही. इंग्रजी वाचणाऱ्यांच्या मोजणीत शंभरातल्या दहा-पंधरा उड्या मागे जातात. वाक्य अवघड असले की हे प्रमाण वाढते. गृहनिर्माण सोसायटीची देखभाल-शुल्कवाढीची नोटीस वाचताना नजर पुढे जाते की नाही, अशीच शंका येते. उलट, जे ओळखीचे आणि अपेक्षित असते त्याच्यावरून नजर न थांबता उडी मारते. लग्नपत्रिका हे याचे उत्तम उदाहरण. तिच्या माथ्यावरच्या कुलदैवतांपासून तळाशी असलेल्या चिमुकल्यांच्या आग्रहाच्या आमंत्रणापर्यंत सगळा मजकूर अनुभवी वाचक एका झेपेत ओलांडतो आणि थेट तारीख, कार्यालय व भोजनाची वेळ यांवर उतरतो. मुद्रितशोधकाची वैरीण हीच सवय. जे असायला हवे ते मेंदू आधीच वाचून मोकळा होतो. म्हणून आतल्या पानावरचा चुकलेला अनुस्वार सापडतो आणि मुखपृष्ठावर बोटभर टायपात छापलेली चूक अंक बाजारात गेल्यावर दिसते. तीही लेखकाच्या मेहुण्याला.

देवनागरीत या कसरतीला आणखी दोन-चार वळणे आहेत. 'किल्ला' या शब्दात डोळ्याला आधी वेलांटी भेटते आणि मग 'क'. जिभेला मात्र आधी 'क' लागतो आणि मग इकार. 'मूर्ती'मधला 'र' उच्चारात 'त'च्या आधी येतो, पण छापताना तो रफार होऊन दीर्घ वेलांटीच्या डोक्यावर जाऊन बसतो, उशिरा येऊन पहिल्या रांगेत बसणाऱ्या पाहुण्यासारखा. मागचे पुढे, वरचे मध्ये असे लावून घेत शब्द तयार करण्याची ही विद्या मराठी मूल सहाव्या-सातव्या वर्षी शिकते. त्याबद्दल त्याला शाबासकी मिळते. पुढे आयुष्यभर तीच विद्या वापरत बसल्याबद्दल बोलणी मिळतात.

डोळ्यांच्या मागचे काम याहून मोठे आहे. माणसाच्या मेंदूत वाचनासाठी मुळात जागाच नव्हती. चालणे, बोलणे, तोंडे ओळखणे यांची सोय उत्क्रांतीने फार पूर्वी केलेली होती. लिपी मात्र जेमतेम पाच हजार वर्षांची. एवढ्या अवधीत मेंदू नवी खोली बांधत नाही. म्हणून त्याने चाळीत राहणारा माणूस करतो तेच केले. दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात फ्रीज आला की भिंत पाडता येत नाही, पण ट्रंक पलंगाखाली जाते, शिवणयंत्र गॅलरीत येते आणि फ्रीज बसतो. फ्रेंच संशोधक स्तानिस्लास दहान यांनी आपल्या पुस्तकात या प्रकाराला चेतापेशींचा पुनर्वापर म्हटले आहे. डाव्या मेंदूच्या मागच्या-खालच्या बाजूला वस्तू आणि चेहरे ओळखणारा भाग असतो. वाचायला शिकताना त्यातलाच एक तुकडा अक्षरांसाठी राखीव होतो. ब्राझील आणि पोर्तुगालमधले निरक्षर, लहानपणी शिकलेले आणि मोठेपणी शिकलेले अशा लोकांची तुलना करून दहान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० साली दाखवले, की हा बदल प्रौढपणी अक्षरओळख झालेल्यांतही होतो आणि त्या जागेवर अक्षरे व चेहरे यांच्यात थोडी ओढाताण चालते. लग्नात एखाद्या काकूंनी "ओळखलंस का मला?" असे विचारल्यावर वाचकाची होणारी पंचाईत या संशोधनाने सिद्ध होत नाही, पण वाचकाला तेवढाच आधार वाटतो.

अक्षरांचा शब्द झाला, की आत एक आवाज सुरू होतो. ओठ बंद असले तरी मुक्याने वाचताना घशाच्या स्नायूंत बारीकशी हालचाल होते, ही गोष्ट उपकरणांनी टिपलेली आहे. पोथी मोठ्याने वाचण्याची जुनी रीत माणसाने सोडली; घशाने अजून पुरती सोडलेली नाही. हा आतला आवाज प्रत्येक मजकुराला निराळा असतो. आजीचे जुने पत्र आजीच्या आवाजात वाचले जाते आणि विजेच्या थकबाकीची सूचना अशा एका आवाजात, जो माणसाने प्रत्यक्षात कधीच ऐकलेला नसतो, पण ज्याच्यापुढे तो उठून उभा राहतो.

आवाजाच्या जोडीला चित्र येते आणि इथे लेखक फार कमी खर्चात काम भागवतो. तो लिहितो, 'वाड्याच्या पायऱ्या'. एवढेच. पायऱ्या किती, दगडी की लाकडी, तिसरी थोडी ढिली आहे की नाही, कठड्याला हात लावल्यावर तो गार लागतो का, वर पोचल्यावर नाकात शेणसारवणाचा वास येतो की रॉकेलचा, हे सगळे वाचक स्वतःच्या पदरचे घालतो. ज्याचा आजोळचा वाडा शाबूत आहे तो तिथल्या पायऱ्या आणतो. ज्याने वाडा पाहिलेलाच नाही तो मालिकेतला वाडा उचलतो. त्याच्या वाड्यात भर दुपारीही सगळ्या बायका शालू नेसून फिरतात. एका आवृत्तीच्या हजार प्रती खपल्या की हजार वाडे उभे राहतात आणि एकाही वाड्याला नगरपालिकेची परवानगी लागत नाही. याच पुस्तकावर पुढे चित्रपट निघतो, तेव्हा 'पुस्तकात तो असा नव्हता' अशी तक्रार प्रत्येक प्रेक्षक करतो. तक्रार खरी असते. त्याच्या पुस्तकात तो तसा नव्हताच.

एवढे कष्ट करून माणसाला सुख का व्हावे, हा प्रश्न उरतो. सुखाबद्दलची सर्वसाधारण समजूत अशी, की ते आधी पैशाच्या रूपाने येते आणि मग घर, गाडी, परदेशवारी अशी त्याची मोड होते. फिलिप ब्रिकमन आणि सहकाऱ्यांनी १९७८ साली अमेरिकेतल्या इलिनॉय राज्याच्या लॉटरीत मोठी बक्षिसे मिळवलेल्या २२ जणांची तुलना त्यांच्यासारख्याच, पण लॉटरी न लागलेल्या २२ जणांशी केली. दोन्ही गटांच्या सुखात म्हणण्यासारखा फरक निघाला नाही. रोजच्या बारीकसारीक गोष्टींतला आनंद तर लॉटरीवाल्यांना कमीच वाटत होता. मित्राशी गप्पा, नाश्ता, विनोद ऐकणे अशा या गोष्टींच्या यादीत मासिक वाचणेही होते. म्हणजे लॉटरी लागली की मासिकाची वर्गणी भरण्याची ऐपत येते आणि ते वाचण्यातली गोडी कमी होते. मराठी मासिकांचा वाचकवर्ग आजवर टिकून आहे, यामागे त्याला लॉटरी लागत नाही हेही एक कारण असावे.

दुसरे उत्तर मिहाय चिक्सेंटमिहाय या मानसशास्त्रज्ञाचे. काम माणसाच्या कौशल्याला पुरून उरणारे नसेल आणि अगदीच क्षुल्लकही नसेल, तर तो त्यात इतका बुडतो की वेळेचे आणि स्वतःचे भान सुटते; हे बुडणे हेच मोठे सुख, असे त्यांनी १९९० सालच्या आपल्या गाजलेल्या पुस्तकात मांडले. गिर्यारोहण, बुद्धिबळ, शस्त्रक्रिया यांच्यासारख्या कामांत हा अनुभव येतोच. पण जगभरचे लोक ज्या कामांच्या संदर्भात तो वारंवार सांगतात, त्यांत वाचन अगदी वर आहे. मराठीत या अवस्थेला तंद्री म्हणतात आणि ती मोजण्याचे एक घरगुती साधन फार दिवसांपासून उपलब्ध आहे : दूध.

प्रयोग सोपा असतो. पातेले गॅसवर ठेवलेले असते आणि वाचकाला 'जरा दुधाकडे बघ' असे सांगितलेले असते. वाचक ओट्यापाशी उभा राहतो, पुस्तकासकट. पहिली काही मिनिटे दूध सज्जन माणसासारखे वागते. मग काठाला बारीक बुडबुड्यांची माळ दिसू लागते. वर सायीचा पातळ पापुद्रा धरतो, त्याला मध्यावर एक सुरकुती पडते. खालून येणारी वाफ या पापुद्र्याखाली अडकते, पापुद्रा फुगतो, पोट धरून वर येतो, काठावर क्षणभर थांबतो. हा क्षण निर्णायक असतो. इतर माणसे या क्षणी गॅस बंद करतात. वाचक पान उलटतो. त्यानंतरचा सूंऽऽ आवाज आणि जळका वास ही तंद्री पूर्ण लागल्याची पावती होय. अर्ध्या लिटरचे वाचन, एका लिटरचे वाचन अशी प्रतवारी यावरून करता येते. ओटा पुसत असताना वाचकाचे मन अजून पुस्तकातच असेल, तर ते पुस्तक दुसऱ्यांना द्यायला हरकत नाही.

तंद्रीतही एक शिस्त असते. व्हिक्टर नेल या दक्षिण आफ्रिकी मानसशास्त्रज्ञाने १९८८ साली, केवळ मजेसाठी वाचणाऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. आवडते पान आले की वाचणारे भराभर पुढे जात नाहीत, उलट वेग कमी करतात, असे त्यात आढळले. श्रीखंडाच्या वाटीशी मराठी माणूस असाच वागतो. वाटी भरलेली असताना तो बोलतो, हसतो, पुरी मागतो. तळ दिसू लागला की बोट सावकाश फिरते आणि बोलणे थांबते.

सुख म्हणजे हसू, हे समीकरणही वाचनात टिकत नाही. साने गुरुजींनी 'श्यामची आई' १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात पाच दिवसांत लिहिली. तिने तेव्हापासून किती रुमाल भिजवले, याची गणती नाही. रडवते हे ठाऊक असूनही ती पुन्हा हाती घेतली जाते आणि मोठी माणसे ती मुलांना मुद्दाम आणून देतात. भरताच्या नाट्यशास्त्रात करुण हा रसच आहे आणि रस म्हणजे चाखायची गोष्ट. दुःख चाखून आनंद कसा होतो, यावर पंडित शतकानुशतके भांडत आले. सामान्य वाचकाने त्या भांडणाची वाट पाहिली नाही. आपली आई आतल्या खोलीत धडधाकट आहे आणि थोड्याच वेळात कोथिंबिरीला पाठवणार आहे, ही खात्री असली की दुसऱ्याच्या आईसाठी मोकळेपणी रडता येते.

अपुरे राहिलेले वाचन हा या सुखाचा वेगळाच प्रकार. अर्धवट सुटलेले काम पुऱ्या झालेल्या कामापेक्षा जास्त लक्षात राहते, असे ब्लूमा झायगार्निक या मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९२७ साली मांडले. भेळवाल्याला हे वेगळे सांगावे लागले नसते. भेळेचा कागद नेमका गोष्टीच्या मध्यावर फाटलेला असतो. 'तिने दार उघडले आणि समोर उभ्या असलेल्या' इथपर्यंत मजकूर स्वच्छ असतो. पुढे चिंचेच्या चटणीचा डाग आणि मग कागदच संपतो. समोर कोण उभे होते हे कळावे म्हणून माणसे दुसरी भेळ घेतात. ती क्रीडापानात बांधून येते.

ज्यांना पुरे वाचायचे असते त्यांच्यासाठी ग्रंथालये असतात. ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३चे, मुंबईचे १८९८चे; राज्याचा सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा १९६७चा. एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रे सांगितली. त्यांतले चौथे सांगते की वाचकाचा वेळ वाचवा. वाचकाच्या वेळेला किंमत आहे, असे गृहीत धरणारे हे वचन ग्रंथालयाच्या भिंतीबाहेर फारसे पोचलेले नाही. भिंतीच्या आतही त्याला शत्रू असतात. बाबूराव अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहून झुंजार आणि काळापहाड घरोघर नेले, पण ग्रंथालयातल्या रहस्यकथेला दोन रोग ठरलेले. एक, शेवटचे पान गळणे. दुसरा, बाराव्या पानावर एका निष्पाप वाटणाऱ्या नावाखाली पेन्सिलीची रेघ आणि समासात 'हाच तो!' असा शेरा. असा शेरा मारणाऱ्याला कोणते सुख मिळते, यावर संशोधन व्हायला हवे. कधीकधी शेरा खोटा असतो. तो लिहिणारा मात्र प्रतिभावान मानावा लागतो.

दिवाळी अंक हा ग्रंथालयाचा सगळ्यांत गजबजलेला विभाग. काशिनाथ रघुनाथ मित्र यांच्या 'मनोरंजन'ने १९०९ साली दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मराठी माणसाला फराळाबरोबर वाचायलाही लागते. वर्गणी भरून अंक घरी नेण्याच्या योजनेत मागणीचे अंक आधी जुन्या सभासदांकडे जातात आणि नव्या सभासदाच्या हाती पडेपर्यंत होळी येते. त्याचा एक फायदा असतो. वार्षिक राशिभविष्यातले नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे चार महिने तोवर होऊन गेलेले असतात आणि ते पडताळून पाहता येतात. 'डिसेंबरात अचानक धनलाभ' हे वाचून माणूस डिसेंबर आठवतो. जुन्या पँटच्या खिशात पन्नासची नोट सापडली होती, हे त्याला आठवते. भविष्य खरे ठरते. अंक वेळेवर मिळाला असता तर हे सुख हुकले असते.

रिकामेपणाचा शिक्का पुसणारी एक जागा महाराष्ट्रात आहे. सातारा जिल्ह्यात पाचगणीजवळ असलेले, स्ट्रॉबेरीसाठी प्रसिद्ध असलेले भिलार हे २०१७च्या मे महिन्यापासून 'पुस्तकांचे गाव' झाले. तिथल्या घरांत, देवळांत, शाळेत पुस्तके मांडलेली आहेत आणि कोणीही जाऊन वाचत बसावे, अशी सोय आहे. घरच्या खुर्चीत वाचणारा माणूस रिकामटेकडा. तोच माणूस तेच पुस्तक घेऊन भिलारच्या ओसरीवर बसला की पर्यटक होतो आणि त्याला चहा विचारला जातो. काम तेच असते. डोळ्यांच्या उड्याही तेवढ्याच.

सर्वांना भिलारला जाता येत नाही. म्हणून बहुसंख्य वाचक शेवटी कोथिंबीर आणायला जातात. पुस्तक मिटताना खूण म्हणून ते बसचे तिकीट घालतात किंवा काहीच न घालता, लगेच येणार या भरवशावर, ते पालथे ठेवतात. रस्त्याने जाणारा माणूस तोच असला तरी तो वाड्याच्या पायऱ्यांवर असतो. भाजीवाली विचारते त्याला तो मान हलवतो, पैसे देतो आणि मेथी घेऊन परत येतो. वाचणारा माणूस रिकामा नसतो, याचा हा सर्वांत जुना आणि घराघरात उपलब्ध असलेला पुरावा आहे. त्याचा उपयोग मात्र नेहमी वाचकाच्याच विरुद्ध होतो.

याला एक अपवाद नोंदवला पाहिजे. वाचक मेथीची जुडी घेऊन दारात येतो आणि बोलणी खायच्या तयारीने चपला काढतो. आतून आवाज येत नाही. पालथे ठेवलेले पुस्तक खुर्चीवर नसते. ते ओट्यापाशी असते, उभ्याने धरलेल्या हातात, आणि बोट ओळीखाली सावकाश सरकत असते. काठावर आलेले दूध क्षणभर थांबलेले असते. वाचक तोंड उघडतो, मिटतो आणि जुडी निवडायला बसतो.